मीठ: अजिबात घालू नये

सोमवार, रात्री साडेदहा

मनूने वहीत लिहून ठेवलंय, तेही जांभळ्या शाईत. "मीठ: अजिबात घालू नये." खाली दोन रेघा.

ओटा पुसून वही जागेवर ठेवायला घेतली तेव्हा दिसलं. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. एवढीशी ओळ. पण ती खोटी आहे, आणि ते खोटं मनूचं नाही, माझं आहे.

काल रताळ्याच्या पाल्याची भाजी केली. शिवरात्रीला आणलेल्यातलं एक रताळं टोपलीच्या तळाशी राहून गेलं, त्याला कोंब फुटले, म्हणून रंगाच्या रिकाम्या बादलीत खुपसलं होतं. पावसात त्याचा वेल ग्रिलमधून खाली उतरत खालच्यांच्या टॉवेलांपर्यंत पोचला. मनू म्हणाली, या रविवारी 'श्यामची आई'तली अळणी भाजी. मी लगेच हो म्हटलं. गोष्टींतले पदार्थ करायच्या या रविवारांत माझ्या हाताला यश असं फारसं आलेलंच नाही. हायडीचे आजोबा लांब काट्यावर चीजचा मोठा तुकडा विस्तवासमोर फिरवत फिरवत सोनेरी भाजतात. आम्ही क्यूब टोचला आणि गॅसवर धरला, तो घसरून थेट बर्नरमध्ये. दोन दिवस शेगडी पिवळी जळत होती. ॲलिसच्या बाटलीवर "मला प्या" अशी चिठ्ठी डकवून कोकम सरबत भरलं ते तेवढं जमलं. पण मूळ बाटलीत चेरीचं टार्ट, कस्टर्ड, अननस, भाजलेली टर्की, टॉफी आणि लोणी लावलेला गरम टोस्ट, सगळ्यांची मिळून एक चव असते म्हणे. त्यापुढे आमचं कोकम ते काय.

तर पाल्याची भाजी. मला वाटलं, ही तरी माझ्या हातची आहे. इथे ओव्हन नाही, टर्की नाही, परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं कारण नाही. पुस्तकातली आईसुद्धा म्हणतेच की फोडणी आणि तिखटमीठ नीट पडलं की कुठलाही पाला चांगला लागतो. कोवळे शेंडे खुडले, देठांच्या शिरा काढल्या. लसूण ठेचून, सुकी मिरची मोडून फोडणी केली. भिजवलेली चणाडाळ आधी परतली आणि मग पाला. परातभर पाला होता, कढईत मावेना, आणि पाच मिनिटांत आळून मूठभर झाला. जरासा बुळबुळीत होतो, पण ओलं खोबरं घातलं की कळत नाही.

पालेभाजीत मीठ शेवटी. हे मला माईने शिकवलं. ढीग बघून मीठ घातलं की हात जास्त पडतो आणि पाला आळल्यावर भाजी तोंडात धरवत नाही. म्हणून थांबायचं. मी थांबले होते. तेवढ्यात दादाचा फोन आला, माईच्या खोलीबद्दल. ते आज लिहायचं नाही. फोन ठेवला, खोबरं घातलं, गॅस बंद केला.

जेवायच्या आधी मनूने सगळ्यांना तो भाग मोठ्यांदा वाचून दाखवला. नाना, हा, वरच्या मजल्यावरची जुळी, सगळे पाटावर बसल्यासारखे शहाणे बसून ऐकत होते. मग मी वाढलं. मनूने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "वा! काय छान झालीय भाजी!" यानेही मान डोलावली. नानांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. जुळी एकमेकांना कोपरं मारत होती, मला वाटलं लसूण तिखट लागला असेल. मी इतकी खुश झाले होते की पोळ्या जरा जास्तच फुगायला लागल्या. शेवटी मी बसले.

पहिल्याच घासाला कळलं. मान वर केली तर सगळे माझ्याकडे बघत होते. मनू ओरडली, "आई! तू पण ना! अगदी सेम टू सेम!"

आणि मी म्हणाले, "मग! मुद्दामच."

का म्हणाले मी तसं? कालपासून हाच एक प्रश्न. कुणी विचारलंही नव्हतं. "अगंबाई, विसरले" एवढंच म्हणायचं होतं, सगळे हसले असते, मिठाची बरणी फिरली असती. गोष्टीतल्या आईलाही शेवटी स्वतः जेवायला बसल्यावरच कळतं. तिला वाईट वाटतं, तुम्ही कुणी बोलला का नाहीत म्हणते. अख्खी गोष्ट त्या वाईट वाटण्यावर उभी आहे. श्यामचे वडील, भाऊ, तिचं मन राखायला गप्प जेवतात, आणि आपण त्यांना अळणी खाऊ घातलं म्हणून ती हळहळते. माणसाने नाशिकच्या तुरुंगात बसून, १९३३च्या फेब्रुवारीत, ९ तारखेपासून १३ तारखेपर्यंत, पाच दिवसांत एवढं पुस्तक लिहून काढलं. आणि नव्वद वर्षांनी मी त्यातली सगळी भूमिका बरोबर वठवली, फक्त शेवटचं एक वाक्य बदललं. तिने जिथे हळहळ केली तिथे मी श्रेय घेतलं.

'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स'मधली अ‍ॅन बरी म्हणायची. १९०८ची, प्रिन्स एडवर्ड बेटावरची, लाल केसांची. पाद्रीणबाईंसाठी केक करते आणि व्हॅनिलाऐवजी अंगाला चोळायचं औषध ओतते. त्यात तिची चूक कितीशी? तिला सांभाळणाऱ्या मरिलाने फुटलेल्या बाटलीतलं औषध व्हॅनिलाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेलं, आणि सर्दीने हिचं नाक बंद. तिथेही पाद्रीणबाई चेहरा विचित्र करतात पण अवाक्षर न बोलता खात राहतात. तिथेही भाऊच! पण अ‍ॅन काय करते? वर जाऊन पलंगावर पडते आणि ढसाढसा रडते. "मुद्दामच घातलं, नवीन पद्धत आहे" असं काही म्हणत नाही. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला जे जमलं ते मला जमू नये.

काल रात्री तर मला रडूच येत होतं. सगळ्यात शेवटी मी जेवायला बसते म्हणून शेवटी मलाच कळतं. सगळ्यांना माहीत असतं आणि मला नसतं. आणि सगळे मिळून बघत असतात मला कधी कळतंय ते. भाजीपुरतं मजेचं आहे. पण माईच्या बाबतीत आम्ही भावंडांनीही असंच दोन वर्षं

जाऊ दे.

आज सकाळी मात्र सगळंच फिसकटलं. नाना पेपर वाचत होते. मी चहा ठेवला आणि काय झालं कोण जाणे, म्हटलं, "नाना, खरं सांगू? काल मी मीठ विसरले होते. मुद्दाम नव्हतं."

पेपर खाली न करता म्हणाले, "ठाऊक आहे. गेल्या बुधवारी आमटीतही नव्हतं. ती काही गोष्टीतली नव्हती."

मी उभीच. मग हसायलाच आलं, इतकं की ओट्याला धरावं लागलं. नानाही हसले. वर म्हणतात, "माझ्या बीपीला बरंच आहे, मी कशाला बोलू." म्हणजे नाना भाऊ वगैरे काही नाहीत, त्यांचा यात निव्वळ फायदा आहे! डॉक्टर तीन वर्षं सांगून थकले ते मी न सांगता करतेय.

"पण बुधवारी बाकीचे का नाही बोलले?"

"तो म्हणाला, राहू दे, तिच्या डोक्यात सध्या..." एवढं म्हणून त्यांनी पान उलटलं.

हा! शर्टाचं बटण तुटलं तर तीन दिवस ऐकवतो. चहा कोमट झाला तर कप तसाच ठेवून जातो. आणि आमटीत मीठ नाही तर गप्प. पुस्तक हातात नसताना, कुणी बघत नसताना. मला राग यायला हवा की काय यायला हवं तेच ठरेना, म्हणून संध्याकाळी तो आल्यावर विनाकारण बटाटेवडे केले. त्यात मीठ दोनदा पडलं असावं. त्याने दुसऱ्या घासाला सांगितलं. किती बरं वाटलं मला!

राहता राहिलं ते "मुद्दाम". नानांना सांगून ते सुटलं असं वाटलं होतं, पण ते वहीत जाऊन बसलंय, जांभळ्या शाईत, दोन रेघांसकट. उद्या ही वही मनू कुठेतरी घेऊन जाईल, परगावी, परदेशी. कुठल्याशा थंड स्वयंपाकघरात रताळ्याचा पाला शोधून आणेल, खुडेल, शिरा काढेल, आणि इतक्या मेहनतीनंतर मीठ घालणार नाही. शेजारणीला सांगेल, आमच्याकडे अशीच करतात. शेजारीण बिचारी गप्प खाईल.

खोडणार होते. पण तिचं अक्षर इतकं मन लावून काढलेलं आहे. शेवटी पेन्सिलीने, समासात, बारीक लिहिलं: "चवीनुसार. पाला आळल्यावर. आई विसरली होती." दिसेल तेव्हा दिसेल. दिसलं तर विचारेल.

पान उलटलं तर पुढच्या रविवारचं नाव आधीच लिहिलेलं. म्हातारीचा टुणुक टुणुक भोपळा, म्हणून भोपळ्याचे घारगे. मनूनेच ठरवलंय.

घारग्यांत मीठ चिमूटभरच. नाही पडलं तरी कुणाला कळत नाही.