कोरियन एमए आणि आपलं ‘करून टाकणं’

कोरियन सरकारची ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप हवी तर अभ्यास नंतर, आधी कागद. माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. जन्मदाखल्यावर माझं नावच नाही, कारण नोंद बारशाच्या आधीची. मग नाव चढवा, भाषांतर करा, नोटरी करा. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं प्रमाणन. शिफारसपत्र सीलबंद लागतं, पाकिटाच्या तोंडावर आडवी सही. आमच्या सरांनी प्रेमाने पाकीट उघडंच हातात दिलं, “वाचून घे, काही चुकलं असेल तर सांग.” दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या दारात.

निवड झाली. एक वर्ष भाषा, मग दोन वर्षं एमए. भाषेचं वर्ष बऱ्याचदा दुसऱ्याच शहरात काढावं लागतं. माझं जॉन्जूला गेलं. रोज चार तास वर्ग, दहा आठवड्यांची एक पायरी. टॉपिक या भाषा-परीक्षेची तिसरी लेव्हल मिळाली तरच पुढे एमए.

लिपीचं काही वाटलं नाही. राजा सेजोंगने 1446 मध्ये जाहीर केलेली हांगुल मुळात कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असे गट पाडूनच मांडलेली. क-ख-ग-घ घोकलेल्याला ते ओळखीचंच. उच्चाराने मात्र रडवलं. क आणि ख आपल्याला येतात, पण घसा आवळून काढायचा त्यांचा तिसरा ‘क्क’ मला सहा महिने दाद देईना.

आणि मग ‘बोरिदा’चा तास आला. बोरिदा म्हणजे टाकणे, फेकणे. बाईंनी फळ्यावर लिहिलं, मगॉ बर्यस्सॉयो. ‘खा’ला ‘टाक’ जोडलं की काय होतं, हे त्या चित्रं काढून समजावत होत्या. वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या कपाळावर आठ्या. मी वहीच्या समासात लिहिलं, ‘खाऊन टाकलं’. संपलं! खाली आणखी दोन: मगॉ बोसेयो, खाऊन बघा. स्सॉ दुसेयो, लिहून ठेवा. शेजारचा उझबेक मुलगाही मान डोलावत होता. त्यांच्याकडेही करून ‘बघतात’. तोवर मी प्रत्येक वाक्य डोक्यात इंग्रजीतून वळवून आणत होते. इतका लांबचा वळसा कशासाठी घातला, देव जाणे. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम तर आपलाच. कर्त्याला लागणाऱ्या ‘गा’ आणि ‘नुन’ या प्रत्ययांचा घोळही ‘मी जाते’ आणि ‘मी तर जाते’ असं पुटपुटल्यावर निम्मा सुटला.

पण मराठीने बोलणं सोपं केलं, लिहिणं नाही. टॉपिकच्या वरच्या पेपरात 50 मिनिटांत चार लेखनप्रश्न; शेवटचा 600 ते 700 अक्षरांचा निबंध, चौकटी आखलेल्या कागदावर. शब्द नाही, अक्षरं मोजायची. मोकळी जागासुद्धा एक घर खाते. पहिल्या वेळी मी अख्खा निबंध बोलल्यासारखा, वाक्याच्या शेवटी ‘यो’ लावून लिहिला. लेखात ‘दा’ लागतो, हे मला चांगलं माहीत होतं. पेन हातात आल्यावर आठवलं नाही. तिसऱ्या लेव्हलला 300 पैकी 120 लागतात, मला 114. पुढचे दोन महिने रोज एक चौकटींचा कागद. दुसऱ्या वेळी 161, म्हणजे थेट चौथी लेव्हल.

चौथी लेव्हल घेऊन ऐटीत सोलला एमएच्या पहिल्या सेमिनारला बसले आणि कळलं, बाजारात चालणारी कोरियन वेगळी. लेखांमध्ये मधूनच हान्जा, म्हणजे चिनी अक्षरं. एका सिनियर ताईने युक्ती सांगितली: शब्द नको, अक्षर पाठ कर. ‘हाक’ म्हणजे विद्या. हाकसेंग विद्यार्थी, हाकग्यो शाळा, देहाक विद्यापीठ, मुनहाक साहित्य. आपल्याकडे संस्कृत शब्द जसे एकाच मुळाला लगडतात तसंच. दर आठवड्याला कुणीतरी लेख वाचून त्यावर बाल्जे करायचं, म्हणजे टिपण वाटून मांडणी. माझ्या पहिल्या बाल्जेनंतर वर्गात एवढी शांतता होती की खिडकीतल्या एसीचा आवाज मला अजून आठवतो.

प्रबंधाचा विषय त्या समासातूनच आला: कोरियन आणि मराठीतली सहायक क्रियापदं. “मराठी म्हणजे हिंदीची बोली का?” हा प्रश्न मार्गदर्शकांपासून लायब्ररीतल्या माणसापर्यंत सगळ्यांनी विचारला. उत्तर देऊन देऊन मी शेवटी प्रस्तावनेतच एक पान घातलं. पहिल्या सिम्साला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तीन परीक्षक. त्यातल्या एकांनी टाकणे, ठेवणे, बघणे यांवर मान हलवली आणि विचारलं, “मग तुमच्या ‘घेणे’ला आमच्याकडे काय?” करून घे, वाचून घे, झोपून घे. मी म्हटलं, नेमकी जोडी नाही. “मग ते का नाही लिहिलं?” नवीन प्रकरण, पाच आठवडे, झोप नाही.

मंजुरीच्या पानावर तिघांचे लाल शिक्के लागतात. तिसरे प्राध्यापक परगावी होते. ते परतले त्या संध्याकाळी त्यांच्या खोलीबाहेर दोन तास उभी राहून मी शेवटचा शिक्का मिळवला आणि जिन्यातूनच घरी फोन लावला. आई म्हणाली, “झालं ना एकदाचं? आता आधी जेवून घे.”