मावसभावाचा ब्रशचा डबा : अपडेट

तर मंडळी, तो श्रीखंडाचा डबा आता बऱ्यापैकी मार्गी लागलाय. नव्या लोकांसाठी थोडक्यात, मावसभावाने कॉलेज संपल्यावर पोस्टर कलर, अॅक्रिलिक, ऑइल सगळ्याचे ब्रश एकाच डब्यात कोंबून माझ्याकडे आणून दिले, बघ काही वाचतंय का म्हणून, आणि त्यातले निम्मे पार कडक झालेले.

वॉटरकलर आणि पोस्टरवाले सोपे निघाले, त्या रंगातला गोंद पाण्यात परत सुटतो, कोमट पाणी, थोडा साबण, संपला विषय.

खरा वैताग अॅक्रिलिक. ओलं असेपर्यंत पाण्याने जातं पण एकदा वाळलं की ते प्लास्टिकच, मग नळाखाली कितीही धरा ढिम्म हलत नाही. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरवाले वापरतात तेच. बाटलीच्या झाकणात घेऊन फक्त केस भिजवायचे, खिडकी उघडी आणि गॅसपासून लांब हे वेगळं सांगायला नको. एक फ्लॅट ब्रश होता, दिसायला स्वच्छ, फक्त टोक फाकलेलं, पण पत्र्याच्या फेरूलला (केस दांड्याला धरून ठेवणारी ती नळी) लागून केस चिमटीत दाबले की आत खडा लागायचा. भिजवून, जुन्या टूथब्रशने फेरूलकडून टोकाकडे विंचरत गेलो (उलटं नाही हां, केस तुटतात) तर आतून च्युइंगगमसारखी निळी चिकट तार निघायला लागली, आणि निघतच राहिली. आपण टोक फाकलं की ब्रश फेकतो पण दुखणं मुळाशी असतं, तिथे साठलेला रंग केसांना आतून ढकलतो. आता हा ब्रश सरळ कड मारतोय, कोपऱ्यातले चार केस सोडले तर. नेलपेंट रिमूव्हरच्या वाटेला जाऊ नका, दांड्याचं पॉलिश सोलून निघतं.

केस वाकडे झालेले सिंथेटिक असतील तर नुसतं टोक काही सेकंद कडक गरम पाण्यात धरून बोटांनी आकार द्या, बरेचसे सरळ होतात. फेरूल मात्र पाण्याच्या वर ठेवा, आतला गोंद ढिला झाला की केस गळायला लागतात. स्क्विरल, सेबल वगैरे खऱ्या केसांवर हा प्रयोग अजिबात नको. त्यांना मी रिठ्याचं पाणी वापरतोय, छान मऊ होतात, फक्त डोळ्यात उडू देऊ नका, भयंकर झोंबतं.

ऑइलचे हॉग ब्रश (डुकराच्या राठ केसांचे) अजून पेंडिंग. ऑइल कलरमधलं जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यामुळे जुन्या थरावर टर्पेंटाइन फारसं चालत नाही. नवीन हॉगसाठी मात्र रुटीन बसलंय, आधी कपड्याने नीट पुसणे, मग टर्पेंटाइनमध्ये खळबळणे, मग तळहातावर साबण घेऊन फेस पांढरा येईपर्यंत गोल फिरवणे. आणि प्लीज, जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून डस्टबिनमध्ये टाकू नका, वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा आणि मगच टाका.

धुतल्यावर टोक वर करून मगमध्ये उभे करायची सवय मोडा. पाणी फेरूलमध्ये उतरतं, लाकूड फुगतं, दांड्याचा रंग तडकतो आणि मग पत्रा खुळखुळायला लागतो. मी टॉवेलवर आडवे टाकतो. पावसाळ्यात पूर्ण वाळल्याशिवाय डबा बंद केला तर बुरशी नक्की, आणि खऱ्या केसांना कसर पण लागते, स्वेटर खाते तशीच हे पण खाते, म्हणून कपाटात डांबरगोळी टाकलीये.

दोन हॉग काही हाती लागायचे नाहीत असं दिसतंय, ते आखूड कापून झाडाच्या सालीचं टेक्स्चर मारायला ठेवणार आहे. एक फॅन ब्रश राहिलाय, त्याचे केस एकमेकांना चिकटून पट्टी झालीये, अल्कोहोल लावू का कोणी आधी केलंय ते सांगा.