मागीलदारानं

गुरुवार हा आमच्याकडे वीज जायचा वार. पंखा बंद, वायफाय बंद, आणि सुट्टीला आलेली भाची माझा फोन घेऊन गार फरशीवर पालथी पडलेली, कारण तिच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं. बराच वेळ काही बोलली नाही. मग एकदम उठून बसली.

"मावशी, हे काय? ह्या अल्बममधली पहिली तीन गाणीच तू उतरवलेली नाहीस. ह्यातलीही नाहीत. आणि हा बघ, 'बिस्मिल्ला'! अगं, नावातच बिस्मिल्ला आहे, म्हणजे सुरुवात, आणि तू नेमका बिस्मिल्लाच वगळलायस."

'बिस्मिल्ला' हा दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा २०१९ सालचा अल्बम. नावात कंपनी असली तरी हा बँड आहे. त्यात ब्रासची वाद्यं आहेत, डुलत जाणारे ठेके आहेत, आणि सूर्यकांत साहनीचा तो आवाज, ज्याला कसलीही घाई नाही. भाचीनंच मला पाठवला होता. नुसती लिंक, वर एक अक्षर नाही. पाठवायची ही रीत मला पसंत आहे. 'तुला नक्की आवडेल' असं लिहून आलेलं काहीही मला आजवर आवडलेलं नाही. पुढचा अर्धा तास आपण गाणं ऐकत नसतो, पाठवणाऱ्याला काय कळवायचं ते जुळवत असतो.

"फोनमध्ये जागा नाही का?" तिनं विचारलं.

जागा आहे. पण नवा अल्बम मी मधूनच सुरू करते. ही खोड मला मामानं लावली.

आम्ही तेव्हा सावंतवाडीला. मामा पणजीला नोकरीला. महिन्या-दोन महिन्यांनी शनिवारी संध्याकाळी कदंबाच्या गाडीनं उतरायचा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात त्याचा टू-इन-वन. पिशवीत आईसाठी काजू, आणि पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात कॅसेट. मामा काही गाण्यातला दर्दी नव्हता. भाड्याच्या खोलीत संध्याकाळी करायचं काय म्हणून कॅसेट घ्यायचा, आणि दुकानदार देईल ती घ्यायचा. रिवाइंड केलं की सेल संपतात, ही त्याची ठाम समजूत. त्यामुळे आमच्याकडे मशीनवर रिवाइंड करायला सक्त मनाई. पेन्सिल घालून फिरवायला हरकत नव्हती. सहा कोनांची नटराज पेन्सिल कॅसेटच्या दात्यांत बरोब्बर बसायची. मग हात उंच धरून ती कॅसेट गरगर फिरवायची, फिती घट्ट होताना बारीक करकर ऐकू यायची, आणि निम्म्यावर मनगट भरून यायचं. एवढे कष्ट कोण घेणार? मामानं गेल्या खेपेला जिथं बटण दाबून बंद केलं असेल, तिथून आमचं गाणं सुरू व्हायचं. कधी कडव्याच्या मध्यावर, कधी नुसत्या टाळ्यांपासून.

अशीच १९८५च्या सुमारास एकदा 'गोवन क्रेझी' आली. रेमो फर्नांडिसची, आदल्या वर्षी निघालेली. आज ती कथा गोव्यात सगळ्यांना पाठ आहे, पण तेव्हा मामानं ती दुकानदाराकडून नुकतीच ऐकली होती आणि आम्हाला सांगताना त्याचेच डोळे मोठे झाले होते. मुंबईत जे. जे.मधून आर्किटेक्ट होऊन आलेला हा माणूस. मोठ्या कंपन्यांनी दाद दिली नाही म्हणून त्यानं शिवोलीला आपल्या घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर अख्खा अल्बम केला. वाद्यं सगळी त्यानंच वाजवली, सगळे आवाजही त्याचेच, आणि तयार कॅसेट स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवायलाही तोच. मोठ्या कंपनीशिवाय आपलं आपण संगीत काढणाऱ्यांना इंडी म्हणतात, पण तो शब्द आमच्या कानावर यायला पुढं खूप वर्षं गेली. स्कूटर मात्र लगेच कळली.

ओटीवर आजोबांचे पाहुणे बसलेले, शिवाय रेडिओवर नाट्यगीतं चालू. तिथं इंग्रजी गाणी लावायची सोय नव्हती. म्हणून टू-इन-वन मागच्या पडवीत, पायरीवर. आजी तिथंच कुळीथ पाखडत होती. गाणं अर्थातच मधूनच सुरू झालं. तिनं थोडा वेळ ऐकलं, मग सूप थांबवलं.

"ह्यो खयचो रे?"

"शिवोलेचो," मामा म्हणाला.

"मगे आपलोच मां तो. आवाज वाढय."

गाण्याचा एक शब्द तिला कळला नसेल. पण पुढं मामा आला की ती विचारायची, त्या शिवोलेच्याची नवी आली काय? पुढच्या वर्षी 'ओल्ड गोवन गोल्ड' आली. तीही मधूनच.

आमच्याकडल्या घरात ओटीवर येतो तो पाहुणा आणि मागीलदारानं येतो तो घरचा. ओटी झाडलेली असते, तिथं तांब्या-भांडं, आदबशीर बोलणं. घर खरं कसं चालतं ते मागीलदारी कळतं. अल्बमचंही मला तसंच वाटतं. पहिलं गाणं ओटीवरचं. ते कुणीतरी येणार हे धरूनच तिथं मांडलेलं असतं. आता तर फारच. स्ट्रीमिंगवर तीस सेकंद झाल्याशिवाय ऐकणं हिशेबात धरत नाहीत, म्हणून पहिल्या गाण्यात बिचारे घाईघाईनं सगळं दाखवून टाकतात. पाचव्या-सहाव्या गाण्याशी आलं की मंडळी निवांत झालेली असतात. तिथं एखादं विचित्र, लांबलेलं, कुणाला सांगून न केलेलं काहीतरी सापडतं, आणि ते आवडलं तर अल्बम आपला. नाही आवडलं तर सुरुवात कितीही गोड असो, पुढं फार दिवस निभत नाही.

इंग्लंडच्या गायिका अडेलबाईंना हे अजिबात चालणार नाही. २०२१च्या नोव्हेंबरात त्यांच्या आग्रहावरून स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावर गाणी आपसूक उलटसुलट वाजायची ती बंद केली. आम्ही क्रम विचार करून लावतो, तो तसाच ऐका, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबरच आहे. मी क्रम मोडत नाही हो, फक्त अर्ध्यात येऊन बसते. कीर्तनाला नाही का लोक पूर्वरंग संपताना येत?

कॉलेजसाठी पुण्याला आले तेव्हा कॅसेट भरून देणारी दुकानं जोरात होती. वहीच्या कागदावर यादी लिहून द्यायची, साठ मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची, आठवड्यानं यायचं. शेवटचं गाणं हमखास कडव्यात तुटायचं. त्याबद्दल दुकानदाराला काही म्हटलं तर तो म्हणायचा, "ताई, फितीच्या पुढं मी कुठं भरू?" त्याच काळात हॉस्टेलवर एक इंग्रजी मासिक हातोहात फिरायचं, रॉक स्ट्रीट जर्नल. आपल्याकडच्या रॉक बँडांवरचं. १९९३ला ते निघालं ते मुंबईतून नाही, बंगळूरमधून नाही, चक्क अलाहाबादेतून! त्यातली बँडांची नावं वाचून वाचून मनातल्या मनात मी कितीतरी अल्बम ऐकले आहेत. त्यातले बरेचसे पुढं खरे ऐकले तेव्हा मनातलेच बरे होते असं वाटलं.

'कांदिसा' मात्र नाही. इंडियन ओशन या बँडचा हा अल्बम २०००चा. मी कॅसेट घेतली आणि सवयीनं बी बाजू आधी लावली. त्यामुळे 'मा रेवा'च्या आधी मला शीर्षकगीतच भेटलं. कांदिसा ही केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? असीम चक्रवर्तींचा आवाज वर चढत जातो, खाली तबला चाललेला, सुश्मित सेनची गिटार गिटारसारखी वाजतच नाही, आणि भाषा कुठली ते काही केल्या उमगत नाही. आजीला शिवोलीचा रेमो जेवढा कळला, तेवढंच मला ते कळलं. मग उलट दिशेनं येत येत 'मा रेवा'पाशी पोचले. बँडमधला राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएच.डी. करून आला आणि नर्मदा बचाओ आंदोलनात गेला. हे गाणं त्या खोऱ्यातलंच. माझ्या ओळखीत परिक्रमा करून आलेले एक काका होते. त्यांना मी ते ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले, ताल धरला, आणि संपल्यावर म्हणाले, "छान. पण एवढी ड्रमची काय गरज?" काकांचंही बरोबरच होतं म्हणा.

बीबीसीचा जॉन पील हे मला कधीतरी कळलेलं आणखी एक समाधान. १९६७ पासून २००४ला मरेपर्यंत हा माणूस रेडिओ वनवर कुणी न ऐकलेल्या बँडांच्या तबकड्या लावत होता, आणि अधूनमधून चुकीच्या वेगावर लावायचा. पंचेचाळीसची तेहेतीसवर. लोक त्याची वाट बघायचे म्हणे. १९७८ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावच्या अंडरटोन्स या बँडचं 'टीनेज किक्स' आलं, तर ते त्यानं लागोपाठ दोनदा वाजवलं. आपल्याकडे 'आपली आवड'मध्ये असं झालं असतं तर फर्माइश करणाऱ्यांच्या नावांची यादी कुठं बसवली असती?

वर्षाखेरीला 'ऐकायलाच हवेत असे पन्नास अल्बम' छापाच्या याद्या येतात. भाची त्या निष्ठेनं वाचते आणि खुणा करते. मला त्या याद्यांपुढं अभ्यास राहिल्यासारखं होतं. त्यापेक्षा बँडकॅम्पवर, म्हणजे बँड आपली गाणी स्वतः विकतात त्या साइटवर, जाऊन एखाद्या गावाचं नाव टाकावं. पुणे टाकलं, कोची टाकलं, शिलाँग टाकलं. जे निघेल ते मुखपृष्ठ बघून उघडायचं आणि मधल्या गाण्यावर बोट ठेवायचं. पुष्कळ वेळा कुणाच्या तरी बेडरूममधला पंखा ऐकू येतो. पण कधीकधी ईझी वाँडरलिंग्जसारखे लोक भेटतात. आपल्या पुण्याचे, २०१७चा त्यांचा 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' इतका मऊ आहे की हे पुण्यात झालं यावर विश्वास बसत नाही. किंमत पुष्कळांनी आपल्यावर सोडलेली असते. २०२०च्या मार्चमध्ये, कार्यक्रम सगळे बंद पडले तेव्हा, बँडकॅम्पनं एका शुक्रवारी आपलं कमिशन सोडून दिलं, आणि पुढं असे शुक्रवार येत राहिले. मी खरेदी शक्यतो त्या दिवशी करते. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी मी तिथं मात्र सांगितल्यापेक्षा जास्त आकडा टाकते आणि घरात कुणाला सांगत नाही.

आणि नवा म्हणजे तरी काय? मला सापडलेला सगळ्यात नवा अल्बम १९७७चा आहे. ऑफिसात एक बंगाली बाई होत्या. २००६ला 'गँगस्टर'मधलं 'भीगी भीगी' जिकडेतिकडे वाजत होतं, तेव्हा त्या चिडून म्हणाल्या, ही चाल आमची आहे. चाल होती मोहिनेर घोडागुलीची, कोलकात्याच्या बँडची. बँडचं हे नाव जीवनानंद दासांच्या कवितेतल्या ओळीतून घेतलेलं, मोहीनचे घोडे. सत्तरच्या दशकात गौतम चट्टोपाध्याय आणि मंडळींनी बाउल, जाझ, रॉक एकत्र करून तबकड्या काढल्या, कुणी फारसं विचारलं नाही, बँड मोडला. वीस वर्षांनी कॉलेजातली पोरं ती गाणी शोधत निघाली. म्हणजे हिंदी सिनेमाच्या गाण्यावरून मूळ बंगाली गाण्यावर, तिथून मागं मागं पहिल्या तबकडीवर. याहून मागचं दार कुठलं असणार? त्या बाईंनी मला सगळं पेनड्राइव्हवर दिलं आणि बजावलं, फार कुणाला देऊ नका. मी दिलं नाही. आज पहिल्यांदाच बोलतेय.

मध्यंतरी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचा मुलगा भेटला. काळा टी-शर्ट, हातात ड्रमच्या काठ्या. माझ्या या खोडीची बातमी भाचीनं सोसायटीभर केलेली. "काकू, तुमच्यासाठी एकदम परफेक्ट अल्बम आहे," तो म्हणाला. ऑस्ट्रेलियातला किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड नावाचा बँड, २०१६चा 'नॉनॅगॉन इन्फिनिटी'. नऊ गाणी, प्रत्येक गाणं न थांबता पुढच्यात शिरतं आणि नववं थेट पहिल्यात. सुरुवात नाही, शेवट नाही, कुठूनही आत शिरा. याच लोकांनी २०१७ला एका वर्षात पाच अल्बम काढले, हेही त्यानं आदरानं सांगितलं. मला अगदी भरून आलं. इतकी वर्षं जे मी करतेय त्याला कुणीतरी शेवटी शास्त्राचा आधार दिला होता.

घरी येऊन पाचव्या गाण्यापासून लावला. काय तो दणदणाट! सहाव्यात कुठं संपलं आणि सातव्यात कुठं शिरलं ते कळेना. गॅसवर आमटी होती, तिच्याकडे बघायला निमित्त झालं आणि बंद केला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यानं उत्सुकतेनं विचारलं, "काकू, कसा वाटला?"

"मांडणी फार छान आहे," मी म्हटलं.