मुक्तिवाहिनीतले पोहणारे

मुक्तिवाहिनी, म्हणजे 1971 मध्ये पाकिस्तानविरुद्ध लढलेली बंगाली गनिमी फौज, म्हटलं की लुंगी, खांद्याला रायफल आणि बांधाआड दबा धरून बसलेली पोरं, एवढंच चित्र डोळ्यांपुढे येतं. पण जुलै 1971 मध्ये बांगलादेशचे 11 सेक्टर पाडले, त्यातल्या 10 नंबरच्या सेक्टरला ना स्वतःचा मुलूख होता ना कायमचा कमांडर. ही नौदल कमांडोंची तुकडी. ज्या सेक्टरात कामगिरी, तिथल्या कमांडरच्या हाताखाली काम करायचं. माझ्या मते अख्ख्या मुक्तिवाहिनीत खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त नुकसान यांनीच केलं.

मुळाशी होते पाणबुडीवरचे आठ बंगाली नाविक. पाकिस्तानची ‘मांग्रो’ पाणबुडी फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात असताना ते तिथून निसटले आणि माद्रिदमार्गे दिल्लीला आले. मे महिन्यात पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात, पलाशीजवळ भागीरथीच्या काठी छावणी सुरू झाली. निवड युवा शिबिरांतून व्हायची. मुलगा नदीकाठचा हवा आणि मरायला तयार असल्याचं लिहून देणारा हवा. छातीला विटा बांधून तासन्‌तास पोहायचं, कारण खरा चुंबकी सुरुंग पाचएक किलोचा आणि तोही छातीलाच गमछ्याने बांधून न्यायचा. सोबत पायाला फिन्स आणि कमरेला सुरी. सुरी मारामारीसाठी कमी, जहाजाच्या बुडावरचं शेवाळ खरवडायला जास्त! शेवाळावर लोहचुंबक धरत नाही, सुरुंग सुटून तळाला जातो. आणखी एक अडचण म्हणजे सुरुंगाची खिट्टी पाण्यात विरघळणारी. किनाऱ्यापासून जहाजापर्यंत पोहण्यातच ती भिजली तर पोहणाराच उडायचा. म्हणून तिच्यावर निरोध चढवायचे आणि सुरुंग लावल्यावर काढायचे. या पोरांना एवढे निरोध कशाला, असा प्रश्न पुरवठा खात्यात पडला असेल तर नवल नाही.

या पोरांचा मोठा हल्ला, ‘ऑपरेशन जॅकपॉट’, 15 ऑगस्टच्या रात्री झाला. चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज, चारही बंदरांत एकाच रात्री. वायरलेस नव्हता, होता तो ट्रान्झिस्टर. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर ठरलेलं पहिलं गाणं लागलं की तयारीत राहायचं, दुसरं लागलं की पाण्यात उतरायचं. दुसरं गाणं होतं बाहुली पहिल्यांदा सासरी निघाल्याचं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. चितगावसाठी 60 जण निघाले होते. एक तुकडी वेळेत पोचलीच नाही आणि शेवटी कर्णफुली नदीत उतरले 31. तरी शस्त्रसामग्री घेऊन आलेली ‘अल-अब्बास’ आणि ‘हुरमुझ’ ही जहाजं त्यांनी बुडवली. मग परदेशी जहाजं या बंदरांकडे यायला कां-कू करू लागली.

भारतीय नौदलाकडून या सगळ्याची सूत्रं आपल्या कमांडर मोहन नारायण राव सामंतांकडे होती. डिसेंबरात तेच मोंगला-खुलनाच्या मोहिमेवर गेले. सोबत आयएनएस ‘पनवेल’ (हो, आपलंच पनवेल) आणि ‘पद्मा’ व ‘पलाश’ या दोन गनबोटी. कोलकाता बंदराच्या साध्या बोटींवर 40 मिमीच्या बोफोर्स तोफा बसवून त्या तयार केलेल्या. आपल्याच विमानांनी चुकून मारू नये म्हणून वर ओळखीचा पिवळा रंग होता. 10 डिसेंबरला खुलन्याजवळ नेमकं तेच घडलं. दोन्ही बोटी गेल्या. ‘पलाश’च्या इंजिनघरातले रुहुल अमीन बोट वाचवायला मागे राहिले आणि या मोहिमेत शहीद झाले. बांगलादेशने त्यांना ‘बीरश्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च शौर्य सन्मान दिला, सामंतांना इथे महावीर चक्र मिळालं.