रिपोर्टचा आठवडा

सोमवार, रात्री उशिरा

उद्या सकाळी रक्त द्यायचंय. पहिल्यांदा सहा महिन्यांनी बोलावलं होतं, नंतर डॉक्टर मॅडम म्हणाल्या आता वर्षाने या, त्यामुळे वर्षातले बरेचसे दिवस मी आपली बरी असते आणि टेस्ट जवळ आली की मला एकदम अंगात हाडं असल्याची आठवण होते. कंबर, बरगडी, डावा खांदा, एकेक जण हजेरी लावून जातो. परवा बॅग वर ठेवताना पाठीत उसण भरली, ती बॅगमुळेच भरली हे मला शंभर टक्के माहितीये, तरी रात्री दीड वाजता मी मणक्यावरून बोट फिरवत कुठे दाबलं की जास्त दुखतं ते बघत होते. नवरा म्हणाला झोप आता. त्याचंही बरोबर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मला जे आहे त्याला एमजीयूएस म्हणतात. हाडांच्या आत जो मगज असतो, बोन मॅरो, त्यात प्लाझ्मा पेशी असतात, त्यांचं काम अँटीबॉडी बनवायचं, वेगवेगळ्या जंतूंसाठी वेगवेगळ्या. माझ्यात त्यातल्या एकाच पेशीची पिल्लावळ वाढलीय आणि ती सगळी मिळून एकच एक अँटीबॉडी बनवत बसलीय जिचा कुणाला काही उपयोग नाही. हेच ते एम प्रोटीन. ते डेसिलिटरला 3 ग्रॅमच्या खाली आहे, मॅरोमध्ये तसल्या पेशी 10 टक्क्यांच्या खाली आहेत आणि कॅल्शियम, किडनी, हिमोग्लोबिन, हाडं चारही ठीक आहेत, तोवर हा कॅन्सर नाही. पुढे सरकला तर बहुतेक वेळा मल्टिपल मायलोमा, म्हणजे याच प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. पन्नाशीपुढच्या लोकांत साधारण 3 टक्के जणांना हे असतं म्हणे आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. मलाही नसता लागला. साध्या रक्ततपासणीत ईएसआर नावाचा आकडा वाढलेला दिसला म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक टेस्ट लिहिली, तिच्यातून दुसरी निघाली, दुसरीतून तिसरी, आणि शेवटी मी कुशीवर झोपलेली आणि मागून कमरेच्या हाडात सुई. भूल देतात, कातडी आणि हाडाचं वरचं आवरण बधिर होतं, पण मॅरो ओढून घेतात त्या क्षणाला भूलबिल काही चालत नाही. पायापर्यंत काहीतरी खेचलं गेल्यासारखं होतं, दोनतीन सेकंद, आणि संपतं. सगळे विचारतात खूप दुखतं का, म्हणून लिहिलं.

मंगळवार

रक्त देऊन आले. ट्यूबा काढून ठेवताना तो मुलगा सहज म्हणाला, एवढ्या टेस्ट, काय झालंय मॅडम? मी म्हटलं काही नाही. मग म्हटलं म्हणजे आहे, पण नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि दंडावरचा पट्टा सोडला.

मला याचं उत्तर अजून जमलेलं नाही. कॅन्सरच्या आधीची पायरी आहे असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो की मीच त्यांची समजूत काढत बसते. आणि काही नाही, नुसतं लक्ष ठेवायचं असं सांगितलं की म्हणतात अरे मग काय, उगाच टेन्शन घेतेस. एका बाईंनी तर मला पॉझिटिव्ह विचारांनी प्रोटीन खाली आणायचे व्हिडिओ पाठवले. दुसऱ्या एकांनी आहारातलं प्रोटीन बंद करायला सांगितलं, आता त्यांना काय समजावणार, खाण्यातल्या प्रोटीनचा आणि याचा काडीचा संबंध नाही. फॉर्म भरताना तर गंमतच, कोणता आजार आहे का, हो किंवा नाही. दोनच चौकोन. मी हो करते, खाली ओळीत लिहिते, आणि मग समोरचा माणूस ती ओळ वाचून फोन फिरवतो.

आईला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तिला कॅन्सर एवढा एकच शब्द ऐकू येईल.

गुरुवार, रात्री

रिपोर्ट मोबाईलवर आला. मॅडमची अपॉइंटमेंट उद्या, म्हणजे आजची रात्र मी आणि ती पीडीएफ.

मी आधी रक्तातल्या प्रोटीनचा आलेख बघते, आकडे नंतर. डावीकडे अल्ब्युमिनचा उंच सुळका असतो, तो सगळ्यांचाच असतो. मग मधे दोनतीन लहान उंचवटे, आणि उजवीकडे शेवटी गॅमाचा भाग, म्हणजे मुख्यतः अँटीबॉडींचा, तिथे नॉर्मल माणसाची रेघ पसरट आणि बुटकी असते. माझ्या त्या पसरट भागातून एक बारीक टोक वर आलेलं आहे, तेच एम प्रोटीन. एवढंच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं प्रिंटरने काहीतरी घोळ केलाय. आता मी ते टोक डोळे मिटूनही काढून दाखवीन.

या वेळी एम प्रोटीन 0.9. मागच्या वेळी 0.8 होतं. झालं, पोटात गोळा. मला माहितीये की एवढा फरक मशीनचाही असतो, लॅब बदलली तर त्याहून जास्तही येऊ शकतो, म्हणून तर मॅडम दर वेळी एकाच लॅबमध्ये करायला लावतात. निदान 0.5 ची वाढ दिसली तर ती खरी वाढ धरतात, तीही परत टेस्ट करून. हे सगळं पाठ आहे. तरी मी कॅल्क्युलेटर काढून दर वर्षी 0.1 वाढलं तर 3 व्हायला किती वर्षं लागतील ते बघितलं. एकवीस. मग माझं तेव्हाचं वय काढलं. मग फोन उलटा ठेवला, आणि दहा मिनिटांनी परत सरळ केला.

अँटीबॉडीचे कप्पा आणि लॅम्डा असे दोन जातींचे सुटे तुकडे रक्तात असतात, त्यांचा रेशो 2.1, तो 0.26 ते 1.65 च्या मधे असायला हवा. हा पहिल्यापासूनच बाहेर आहे.

जोखीम तीन गोष्टींवरून काढतात. एम प्रोटीन 1.5 च्या वर आहे का, ती अँटीबॉडी आयजीजी सोडून दुसऱ्या प्रकारची आहे का, आणि हा रेशो बिघडलाय का. तिन्ही बिघडलेले असले तर वीस वर्षांत पुढे सरकायची शक्यता 58 टक्के, एकही नसेल तर 5. माझा एकच बिघडलाय, म्हणजे 21 टक्के. पण त्या अभ्यासात अजून एक रकाना आहे, माणूस मधल्या काळात दुसऱ्या कशाने मरू शकतो हे धरलं की 21 चे 10 होतात. मी हे वाचून एकटीच मोठ्याने हसले होते. आकडा सुधारला, मी नाही.

शुक्रवार

मॅडमनी दोन मिनिटांत बघितलं आणि म्हणाल्या स्टेबल आहे, पुढच्या वर्षी भेटू. मी रात्रभर घातलेलं गणित सांगितलं तर म्हणाल्या हे सरळ रेषेत जात नाही, बहुतेकांचं वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतं. मग नेहमीचं, नवीन हाडदुखी जी दोनतीन आठवडे हटत नाही किंवा झोपेतून उठवते, तळपायाला बधिरपणा, लघवीला फेस, कारण नसताना वजन कमी, परत परत इन्फेक्शन, यातलं काही झालं तर वर्षाची वाट बघायची नाही. दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, किडनी सांभाळायची. औषध काही नाही. औषध नाही कारण या पायरीवर दिल्याने फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही आणि औषधांचे त्रास मात्र खरे आहेत. हे मला पटतं. पटतं, पण कन्सल्टिंग रूममधून रिकाम्या हाताने बाहेर पडायची सवय होत नाही, निदान एखादी व्हिटॅमिनची गोळी तरी लिहायची.

पूर्वी याला बिनाइन म्हणायचे, म्हणजे निरुपद्रवी. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी 1978 मध्ये दाखवलं की तसं सरसकट म्हणता येत नाही, काही जणांचं पुढे जातं, आणि कुणाचं जाणार ते आधी सांगता येत नाही. त्यांनीच मग 1960 ते 1994 मध्ये निदान झालेल्या 1,384 जणांचा माग ठेवला आणि त्यातून वर्षाला साधारण 1 टक्का हा आकडा आला. मला यातलं सगळ्यात खुपणारं काय, तर वर्षं गेली म्हणून धोका टळला असं होत नाही. पाच वर्षं झाली, आता सुटलो, असा यात टप्पाच नाही. दर वर्षी नव्याने तो 1 टक्का. पण मग 99 पण दर वर्षी नव्यानेच की, हे नवऱ्याचं म्हणणं. तो असलं काहीतरी बोलतो आणि मला राग येतो आणि मग तासाभराने बरंही वाटतं.

रविवार

ताईचा फोन. तिने कुठेतरी वाचलं की आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात हे असायची शक्यता दोनतीन पटीने जास्त असते. बरोबर वाचलंय. मी पण टेस्ट करू का, विचारत होती.

मी म्हटलं डॉक्टर सहसा नातेवाइकांना मुद्दाम करायला सांगत नाहीत, काही त्रास असेल तर गोष्ट वेगळी. आइसलँडमध्ये 2016 पासून हेच तपासतायत, चाळिशीपुढच्या 80,000 हून जास्त लोकांनी रक्त दिलंय, की आधी कळल्याने खरंच माणसाचं भलं होतं की नुसती काळजी वाढते. एवढ्या मोठ्या अभ्यासाचा प्रश्न ताई मला फोनवर विचारते.

ती म्हणाली ते राहू दे गं, तू माझ्या जागी असतीस तर? तुला कळलं ते बरं झालं की नाही?

मी आधी बरं झालं म्हणणार होते. मायलोमा झालाच तर हाड मोडून किंवा किडनी जाऊन कळण्यापेक्षा रिपोर्टमध्ये कळेल, उपचार वेळेवर सुरू होतील, हे खरंच आहे आणि माझ्यासाठी ते पुरेसं आहे. पण ताई म्हणजे साधा ताप आला तरी दर तासाला थर्मामीटर लावणारी बाई. तिला वर्षातून एक आठवडा नाही, बावन्नच्या बावन्न आठवडे हेच होईल. तिला मी तसं सांगितलं सुद्धा, स्पष्ट. ती जरा रागावली. म्हणाली म्हणजे मला झेपणार नाही असं म्हणायचंय का तुला. मी हो म्हटलं.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, टेस्टचं नाव नीट टाइप करून पाठव. मी नाव पाठवलं, आणि खाली लिहिलं की आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही.