थायरोग्लोब्युलिनची चाचणी बसवताना

थायरॉइडच्या कॅन्सरसाठी ग्रंथी काढल्यानंतर रुग्णाच्या रक्तात थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) वाढताना दिसलं, की आजार परतल्याची शंका येते. पण साधारण पाचांतल्या एका रुग्णाच्या रक्तात याच प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असतात. त्या इम्युनोअसेच्या, म्हणजे अँटीबॉडी वापरून प्रथिन मोजणाऱ्या नेहमीच्या चाचणीच्या, आड येतात आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून हे मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

ट्रिप्सिन हे एन्झाइम लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी प्रथिनं कापतं, त्यात आड येणाऱ्या अँटीबॉडीही कापल्या जातात. मग फक्त थायरोग्लोब्युलिनमध्येच असणारा तुकडा मोजायचा. आमचा १४ अमिनो आम्लांचा होता, दोन प्रभारांसह एम/झेड (वस्तुमान भागिले प्रभार) ७०३.८. सीरममध्ये (रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या द्रवात) अल्ब्युमिन हे प्रथिन लिटरला ४० ग्रॅमच्या घरात आणि आपलं प्रथिन मिलिलिटरला जेमतेम नॅनोग्रॅमभर, म्हणजे कोट्यवधी पटींचा फरक. म्हणून तो तुकडा आधी चुंबकीय मण्यांवरच्या अँटीबॉडीनं वेचून घ्यायचा. इथवर सगळं सुरळीत झालं.

मग अडलो. तुकड्याचं पीक (आलेखावरचा उंचवटा) सुबक, जड आर्जिनिनचं इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक मापात मिसळलेला तोच तुकडा, फक्त वजनानं जड) ७०८.८ वर अगदी त्याच वेळी उतरायचं, कॅलिब्रेशनची रेघ सरळ. तरी तेच सॅम्पल सोमवारी एक आकडा द्यायचं, गुरुवारी दुसरा. मी सोर्स साफ केला, कॉलम बदलला, पिपेट तपासले. शेवटी एकच सीरम २, ४, ८ आणि १६ तास ट्रिप्सिननं पचवून पाहिलं. आठ तासांनंतरही आपल्या तुकड्याचं स्टँडर्डशी गुणोत्तर चढतंच होतं!

चूक तिथेच होती. आमचं स्टँडर्ड म्हणजे आधीच कापलेला पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा). पुढच्या पायऱ्यांत काही सांडलं-हरवलं तर ते भरून काढतं, पण जे प्रथिन कापलंच गेलं नाही त्याची त्याला खबरच नसते. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण हाताला कळलं त्या आलेखावर.

मग प्रथिनाची घडी धरून ठेवणारे डायसल्फाइड बंध नीट मोडून घेतले, पचन रात्रभर ठेवलं आणि दोन्ही टोकांना मूळ साखळीची शेपटी असलेलं स्टँडर्ड घेतलं, म्हणजे त्यालाही ट्रिप्सिननं कापावं लागतं. अख्ख्या प्रथिनाची बरोबरी तेही करत नाही, हे मान्य. कॅलिब्रेटरही (माहीत प्रमाणाचे तुलनेचे नमुने) बफरऐवजी सीरममध्येच केले.

नंतर अँटीबॉडी असलेली सॅम्पलं लावली. एकाचा इम्युनोअसेचा रिपोर्ट 'आढळले नाही' असा होता. आमच्या पडद्यावर ७०३.८ चं पीक स्वच्छ उभं होतं. दुसऱ्या दिवशी ते सॅम्पल मी पुन्हा पहिल्यापासून पचवलं. पीक तेवढंच आलं.