तंजावरात आजारी पडले तेव्हा

तंजावर बघायची इच्छा बाबांची. शाळेत तीसेक वर्षं इतिहास शिकवला त्यांनी, आणि व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिकडे भोसल्यांचं राज्य होतं हे दर वर्षी मुलांना सांगितलं. स्वतः मात्र कधी गेले नव्हते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मिरजेहून गाडी काढली. नवरा चालवायला, मी शेजारी, बाबा मागे. हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, मग होसूर, सेलम.

नामक्कल सोडलं आणि माझ्या पोटात पीळ पडायला लागले. करूरच्या अलीकडे कावेरी ओलांडताना बाबा पात्राकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते आणि मी डोळे मिटून पुढची पाटी किती किलोमीटर सांगते एवढाच विचार करत होते. त्यानंतर दोनदा गाडी थांबवावी लागली. तंजावरला पोचेपर्यंत उलट्या, जुलाब दोन्ही सुरू झाले होते. वर पाऊस. आपला पाऊस संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या रात्री ते अंगावर घेतलं.

परक्या गावात आजारी पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. घरी असते तर कुठल्या डॉक्टरांकडे जायचं, रात्री कुणाचं मेडिकल उघडं असतं, कुणाला हाक मारायची, हे सगळं न विचारता ठाऊक असतं. इथे पाटीवरचं अक्षरही लागत नव्हतं. लॉजच्या मॅनेजरनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नोंदवहीवर सही नंतर करा म्हणाले. आधी फोन केला, रिक्षा बोलावली, रिक्षावाल्याला तमिळमध्ये सगळं समजावून सांगितलं. तो रिक्षावाला दवाखान्याबाहेर थांबून राहिला. थांबल्याचे पैसे देऊ केले तर त्याने घेतले नाहीत.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ बघितली, ताप आहे का, रक्त पडतंय का, शेवटची लघवी कधी झाली ते विचारलं. मी सलाईन लावायच्या तयारीनेच गेले होते. आपल्याकडे बाटली चढली नाही तर उपचार झाला असं कुणाला वाटतच नाही. ते म्हणाले, तोंडाने घेतलेलं पोटात राहत असेल तर सुईची गरज नाही. उलटीची जिभेवर विरघळणारी गोळी दिली, अँटिबायोटिक दिलं नाही आणि ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवून प्यायची मीठ-साखरेची पावडर, लिहून दिलं.

माझ्या नवऱ्याने समोरच्या मेडिकलमधून घाईघाईत संत्र्याच्या चवीच्या तयार गोड पेयाचा एक खोका उचलला होता, त्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस लिहिलेलं. औषधवाल्या काकांनी तो परत घेतला. मान हलवली, साध्या पावडरीची पाकिटं काढली आणि लिटरची बाटली समोर ठेवून बोटाने दाखवलं: एक पाकीट, एक बाटली, पूर्ण. अर्ध्या पाण्यात नाही. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात असलं तरच आतडं ते दोन्ही एकत्र आत ओढतं आणि पाणी त्यांच्यामागून जातं. साखर फार झाली तर उलट जुलाब वाढतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून पाजून माणसं वाचवली होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा गोड पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. ती बातमी वाचली तेव्हा मला ते काका डोळ्यांसमोर आले, आणि फार बरं वाटलं.

रात्रभर बाबा खुर्चीत बसून होते. दर पाच मिनिटांनी दोन चमचे. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा सुरू. "बाबा, तुम्ही झोपा ना," म्हटलं की "तू पी आधी," एवढंच. पहाटे लघवीला झाली हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जो उजळला तो मी विसरणार नाही. दुपारी लॉजच्या आचाऱ्याने पातळ रसम-भात पाठवला, संध्याकाळी दहीभात, वर फोडणीसुद्धा नाही, मॅनेजरनी मुद्दाम सांगितलं होतं.

मला एकच खंत होती, की माझ्यापायी बाबांचं तंजावर राहतंय. म्हणून दुसऱ्या दिवशी मी हट्टाने दोघांना बृहदीश्वराकडे पाठवलं. बाबा परतले ते बोलत बोलतच. देवळात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला मराठी शिलालेख आहे, भोसल्यांच्या घराण्याचा सगळा इतिहास. राजराज चोळाचं हजार वर्षांचं देऊळ आणि त्याच्या भिंतीवर आपली भाषा! त्यांनी ओळीन् ओळ बोट फिरवत वाचायचा प्रयत्न केला होता. मी उशीला टेकून ऐकत होते, आणि खरं सांगते, मी स्वतः जाऊन पाहिलं असतं तर मला त्यातलं निम्मंही कळलं नसतं.

रामेश्वर रद्द केलं. "देव कुठं पळून चाललाय," बाबा म्हणाले. पण निघायच्या सकाळी माझ्या पायांत जोर आला होता, तेव्हा सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात जाऊन आलो. सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारला होता, औषधं तयार करायला आणि ती तपासायला. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदीही ठेवल्या, दुखऱ्या डोळ्यांच्या चित्रांसकट. लोक या राजाबद्दल सांगताना ग्रंथ आणि संगीत सांगतात. मी त्याच्याच गावात बरी होऊन उभी होते, मला त्या रुग्णांच्या नोंदी सगळ्यांत मोठ्या वाटल्या. कुणाला काय होतंय हे राजाने लिहून ठेवावं, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

परतीला बाबा माझ्या जागी पुढे बसले आणि मला मागे आडवं केलं. सेलमला चहाला थांबलो तर चहा सोडून ते आधी मेडिकलमध्ये गेले. पाकिटं घेऊन आले, गाडीच्या खणात ठेवली आणि नवऱ्याला बजावलं, "ही संपली की नवी आणायची. मला विचारायचं नाही."